फाट्यावरच्या गावांची वही

दीपमाला ताकसांडे रिटायर झाल्या आणि घरात चहा वाया जाऊ लागला. बसवत नाही म्हणून त्या उठायच्या, गॅसवर आधण ठेवायच्या, आणि चहा कपात गाळेपर्यंत त्यांचं लक्ष गेटच्या कडीकडं नाहीतर गच्चीवरच्या टाकीकडं गेलेलं असायचं. त्यांचे यजमान रत्नदीपराव यांना दुपारी ओट्यावर गार झालेले कप सापडायचे.

एसटीत कंडक्टर म्हणून बाईंची पंचवीसेक वर्षं गेली. वर्धा-आर्वी, वर्धा-पुलगाव, मध्ये काही काळ हिंगणघाट. नोकरी उभ्यानं, आणि तीसुद्धा हलत्या जमिनीवर. बोरगाव मेघेतल्या आपल्या घराची फरशी एका जागी राहते, हे त्यांच्या पायांना पटतच नव्हतं. टीव्ही पाहतानाही त्या सोफ्याच्या पाठीला कंबर टेकून उभ्या राहायच्या. हातात चमचा आला की तो ताटाच्या काठावर वाजायचा. पूर्वी तिकिटं पंच करायचा चिमटा असाच दांड्यावर वाजवत त्या गर्दीतून पुढं सरकायच्या. पुढं मशीन आलं, चिमटा गेला, हाताची खोड तेवढी राहिली.

रत्नदीपराव अगदी उलट. ते पाटबंधारे खात्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सकाळी पेपर घेऊन व्हरांड्यात बसले की ऊन पायाशी येईपर्यंत त्यांची खुर्ची हलायची नाही.

"अवं, बस न जराशी," ते म्हणायचे.

"बसून काय करू?"

"मी काय करतो?"

"तेच तं पाहून राह्यली मी."

दोघांचं एक ठरलेलं होतं. बाई नोकरीतून सुटल्या की बोधगया, राजगीर, सारनाथ करायचं. लग्न झालं तेव्हापासूनचं हे बोलणं. आधी मुलीचं, मयुरीचं शिक्षण आडवं आलं, मग सासूबाईंचं दुखणं, आणि मग रत्नदीपरावांच्या छातीत कळ आली, सावंगीच्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली. आता त्यालाही बराच काळ लोटला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फिरा, काही हरकत नाही. दीपमालाबाईंनी ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं आणि दर दोन दिवसांनी त्या ते नवऱ्याला म्हणून दाखवायच्या.

"पाहू," रत्नदीपराव म्हणायचे.

अशात पुण्याहून मयुरीचं पार्सल आलं. ती तिकडं बँकेत आहे. फोनवर आईचा सूर ऐकून तिनं ऑनलाइन काहीतरी मागवलं होतं. डब्यात एक कोरी वही, नक्षीचे कागद, जुन्या नकाशांचे तुकडे, चिकटपट्ट्या आणि लाकडी मुठीचे रबरी शिक्के. जहाज, विमान, होकायंत्र, एक उंच लोखंडी मनोरा.

"ट्रॅव्हल जर्नल म्हणतात आई याले. प्रवासाची वही. जिथं जाशील तिथलं चिकटवायचं, शिक्के मारायचे, दोन ओळी लिहायच्या. तुह्यं मन लागंल."

"हा कोनता टावर आहे गं?"

"आयफेल टॉवर. पॅरिसचा."

"मले वाटलं पिपरीचा. मोबाइलचा."

डबा कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो पुन्हा काढला, सगळं पलंगावर मांडलं, पुन्हा भरलं. त्यांना काहीतरी खटकत होतं. जहाजात त्या कधी बसल्या नव्हत्या. त्या नकाशातल्या नद्यांची नावं त्यांना वाचता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी मयुरीला फोन करून म्हणाल्या, "ही दुसऱ्याच्या प्रवासाची वही आहे. मी माह्यी बनवतो."

आणि त्या लागल्या कामाला. कामाला लागल्या म्हणजे घर उलथंपालथं झालं. पलंगाखालच्या पेटीतून नात्यागोत्यातल्या लग्नपत्रिका निघाल्या: मोरपंखी, सोनेरी काठाच्या, वेलबुट्टीच्या, एक तर मखमलीसारख्या कागदाची. साड्यांच्या खोक्यांतला चंदेरी कागद, संक्रांतीच्या पतंगांचा उरलेला झिरमिळ्या कागद. वर्ध्यात खादीच्या दुकानात जाऊन त्यांनी हातकागदाचे ताव आणले, चिंध्यांच्या लगद्याचा तो जाड खरबरीत कागद, ज्यात मध्येच एखादा निळा धागा अडकलेला दिसतो. चार-चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की बाइंडर लोक त्याला जुज म्हणतात. एका प्रेसमधल्या बाइंडरकडून हे पाहून आल्या आणि घरी दाभणानं भोकं पाडून, दोऱ्याला मेण लावून त्यांनी जुज शिवले. खळ मैद्याची, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. पुठ्ठ्यावर मोरपंखी पत्रिका चढवली. वही जरा वाकडी झाली, पण मिटली की मिटायची आणि उघडली की सपाट पडायची.

शिक्के त्यांनी खोडरबरातून कोरायचं ठरवलं. पहिला शिक्का 'बोधगया'. नवं ब्लेड, मोठ्या आकाराचं खोडरबर, सगळी दुपार. शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उठवला तर अक्षरं सगळी उलटी.

रत्नदीपराव चष्मा कपाळावर घेऊन पाहत होते. "आरशात धरून वाच," ते म्हणाले.

बाईंना हसू आलं आणि रागही आला. मग पातळ कागदावर पेन्सिलीनं लिहून, तो कागद रबरावर उलटा दाबून अक्षरं उतरवायची युक्ती सापडली. बोटाला दोन ठिकाणी ब्लेड लागलं. पण महिन्याभरात चार शिक्के झाले: नागपूर, बोधगया, राजगीर, सारनाथ. प्रत्येक गावासाठी एक पान आधीच सजवून ठेवलं, काठाला पत्रिकेची किनार, मध्ये जागा मोकळी. नागपूरचं पान पहिलं, कारण गाडी तिथून होती.

तिकिटं रत्नदीपराव मोबाइलवर काढायचे. ऑक्टोबरात बॅग भरली गेली आणि ते म्हणाले, "वेटिंग होतं. कन्फर्म नाई झालं." बॅग रिकामी झाली. डिसेंबरात पुन्हा भरली. पुन्हा तेच.

त्या दुसऱ्या वेळी बाईंनी बॅग पलंगावर पालथी केली. स्वेटर कपाटात ठेवले, व्हरांड्यात आल्या, गेटपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. समोरच्या घरातली बाई विचारू लागली, कोणी यायचं आहे का. सकाळी त्यांनी वही खांद्याच्या शबनम पिशवीत टाकली, स्टॅम्प पॅड, गोंद, ब्लेड टाकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी चालली."

"कुठं?"

"जी गाडी लागली असंल तिच्यात."

स्टँडवर आर्वीची गाडी लागली होती. कंडक्टर नवा मुलगा, त्यानं ओळखलं नाही, बायकांचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं. खिडकीची जागा मिळाली तरी बाईंना बसवेना. प्रत्येक फाट्याआधी त्यांचा हात आपोआप वर, घंटीच्या दोरीकडं जायचा. शेवटी त्या आंजीला उतरल्या. या फाट्यांवर त्यांनी किती माणसं उतरवली असतील, पण फाट्यापासून आत गाव कसं दिसतं, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाजारातून, देवळासमोरून, विहाराच्या गल्लीतून भटकत त्या पोस्टात शिरल्या. एक तिकीट विकत घेतलं, वहीत चिकटवलं आणि पोस्टमास्तरांना म्हणाल्या, "साहेब, यावर तुमचा छापा मारून देता का?"

पोस्टमास्तरांनी वही उलटून पालटून पाहिली. तारखेचा गोल छापा त्यांनी असा जपून मारला, की अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर, एकही अक्षर पुसट नाही.

त्या छाप्यानं बाईंना वेड लावलं. आपला खोडरबराचा शिक्का आणि हा खरा शिक्का यात त्यांना एकदम फरक दिसला. हा सांगत होता, ही बाई इथं आली होती. मग रोज सकाळी वही खांद्याला. कुठं वाचनालयाचा शिक्का मिळाला, कुठं दूध संस्थेचा, एका ठिकाणी तर फोटो स्टुडिओवाल्यानं आपल्या नावाचा मारून दिला आणि वर चहा पाजला. सारनाथचं पान अजून लांब होतं, मधली पानं या गावांनी भरू लागली. संध्याकाळी घरी येऊन त्या पत्रिकांच्या किनारी कापून लावायच्या. पण लावून झालं की समाधान म्हणावं असं काही वाटायचं नाही. उद्या कुठं, एवढंच डोक्यात. एक गाव झालं की ते लगेच जुनं व्हायचं.

"काऊन एवढी धावून राह्यली?" रत्नदीपरावांनी एकदा विचारलं.

"तुमचं वेटिंग कन्फर्म होत नाई म्हणून," त्या म्हणाल्या. ते पुन्हा पेपरात शिरले.

मग ते गाव आलं. आर्वी रोडपासून आत, छोटं. नाव इथं सांगत नाही. पंचायतीच्या कार्यालयात शिपाई एकटाच होता. साठीला टेकलेला, चिंधू नावाचा. बाईंना पाहून त्याचा चेहरा उजळला.

"तुम्ही आर्वी गाडीच्या बाई न? आमच्या फाट्यावर कधी थांबत नव्हत्या तुम्ही!"

"एक्सप्रेस होती ना बापा ती. थांबा नव्हता."

"हाव, मालूम आहे. तरी हात दाखवत होतो आम्ही."

त्याला वही भारी आवडली. पानं उलटताना त्यानं आधी हात पॅन्टला पुसले. बाईंनी शिक्का मागितला तेव्हा त्यानं ड्रॉवर उघडून पंचायतीचा गोल शिक्का काढला आणि पानाच्या मधोमध उठवला. एवढ्यावर त्याचं भागलं नाही. पाहुणीला काही कमी पडू नये म्हणून त्यानं खाली ग्रामसेवकाच्या नावाचा आडवा शिक्काही मारला. शाई वाळावी म्हणून दोघंही पानावर फुंकर घालत होते, तेवढ्यात ग्रामसेवक मोटरसायकल लावून आत आले.

धर्मेंद्र त्यांचं नाव. तरुण माणूस, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्यांनी पान पाहिलं आणि त्यांचा रंगच उतरला.

"कोऱ्या कागदावर शिक्का? माह्या नावाचा? चिंधूभाऊ, कोनी सांगतलं तुमाले?"

चिंधूनं शिक्के घाईघाईनं ड्रॉवरमध्ये टाकले. बाई म्हणाल्या, "मी मागितला साहेब. ही प्रवासाची वही आहे. शौक म्हणून करतो मी."

"शौक?" त्यांनी भराभर पानं उलटली. गोल शिक्के, आडवे शिक्के, तारखा. "मॅडम, मागच्या महिन्यात या गावच्या नावानं खोटा रहिवासी दाखला निघाला. खाली माह्याच नावाचा शिक्का होता. चौकशी चालू आहे माह्यी. आन तुम्ही गावोगावचे शिक्के जमा करून राह्यल्या?"

दारात माणसं जमली. कोणीतरी पोलीस पाटलाला बोलवायला निघालं. धर्मेंद्र म्हणाले, पान फाडा.

"फाडलं तं जोडीचं पान सुटते," बाई म्हणाल्या. "एकाच कागदाची दोन पानं आहेत. मधून दुमडून शिवली."

"कोनतं पान सुटते?"

"राजगीरचं."

"काय आहे त्याच्यावर?"

"काही नाई. मी अजून गेलीच नाई तिथं."

दारातली माणसं हसली. बाईंचे कान तापले. धर्मेंद्र म्हणाले, तुम्हाला ओळखणारं कोणी असेल तर फोन लावा. त्यांनी रत्नदीपरावांना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांना वाटलं, ते साहेबांशी दोन शब्द बोलतील, आपण कोण ते सांगतील. रत्नदीपराव म्हणाले, "येतो मी," आणि फोन बंद झाला.

ते येईपर्यंत बाईंना खुर्ची दिली होती, पण त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर भिंतीला टेकून चिंधू उकिडवा बसला होता. आत यायला त्याला मनाई झाली होती. तो कोणाकडं पाहत नव्हता, नुसती मान खाली. बाईंना आठवलं, मशीन येण्याआधी तिकिटांचा गठ्ठा हातात असायचा, आणि त्यातलं एकही कोरं तिकीट त्या सख्ख्या भावाच्या हातात देत नसत. हा ग्रामसेवक काही वेगळं बोलत नव्हता.

त्या टेबलापाशी आल्या, शबनममधून ब्लेड काढलं, टेबलावरची फूटपट्टी पानावर धरली, आणि शिवणीलगत अंगठ्याएवढी पट्टी राखून ते पान कापून काढलं. पट्टी राखली की जोडीचं पान धरून राहतं, हे त्यांना आधीही ठाऊक होतं. आधी द्यावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

"घ्या साहेब. बरोबर आहे तुमचं."

धर्मेंद्र पान फाइलमध्ये ठेवत होते, तेव्हा रत्नदीपराव पोचले. स्कूटरवरून, डोक्यात हेल्मेट तसंच, शर्टाचं एक बटण वर-खाली लागलेलं. रस्ता चुकून दुसऱ्याच गावात गेले होते म्हणे. काखेत त्यांनी निरोप समारंभातला बाईंचा फ्रेम केलेला फोटो आणला होता, हार घातलेला, मागं आगाराची पाटी. पुरावा म्हणून तो त्यांनी टेबलावर उभा केला. धर्मेंद्रनी फोटो पाहिला, बाईंना पाहिलं आणि पहिल्यांदाच जरा हसले. प्रकरण तिथं मिटलं. निदान दोघांना तसं वाटलं.

परतताना हमरस्त्याला लागायच्या आधीच रत्नदीपरावांनी स्कूटर एका कडुनिंबाखाली उभी केली. कपाळावर घाम होता.

"दुखून राह्यलं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाई. भेव वाटते." ते दगडावर बसले. "सावंगी घरापासून जवळ आहे. तिथून लांब आलो का छातीत धडधड सुरू होते. डॉक्टर म्हन्ते काही नाई. मलेही मालूम आहे, काही नाई. पन होते."

"सांगतलं काऊन नाई?"

त्यांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली. "दोन्ही वेळा तिकिटं कन्फर्म होती, मयुरीची आई. मीच कॅन्सल केली."

दीपमालाबाई वळल्या आणि चालू लागल्या. हमरस्त्याच्या कडेनं, पदर खोचून, वर्ध्याच्या दिशेनं, जणू बोरगाव पुढच्याच वळणावर आहे. मागून रत्नदीपराव पहिल्या गिअरमध्ये स्कूटर रेटत आले. ना ते पुढं जात होते, ना हाक मारत होते. एक एसटी मागून आली, हळू झाली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, येता का?" बाईंनी हातानंच जा म्हटलं. गाडी गेली. बऱ्याच अंतरावर त्या थांबल्या आणि स्कूटरवर मागं बसल्या.

घरी दोन दिवस कामापुरतं बोलणं. बाई रात्री उठायच्या आणि स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या. नवऱ्यावरचा राग होताच, पण त्यातून सारखा चिंधू वर यायचा. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्या गावाला गेल्या. चौकशी होईपर्यंत चिंधूला घरी बसायला सांगितलं होतं. त्या त्याच्या घरी गेल्या. तो अंगणात तुरीच्या काड्या तोडत होता, उठला नाही.

"तुमचा खेळ झाला बाई," तो म्हणाला. "परवा माह्या घरात चूल नाई पेटली."

बाई तशाच पंचायतीत गेल्या. शिक्का मी मागितला, या माणसाचा काही स्वार्थ नव्हता, असं धर्मेंद्रसमोर लिहून सही करून दिलं, वर आधारची झेरॉक्स जोडली. धर्मेंद्रनी कागद वाचला.

"त्याले उद्यापासून या म्हनतो मी. आता ड्रॉवरची चाबी माह्याजवळ राहीन. पन मॅडम, खरं सांगा, काय मिळते यातून तुमाले?"

"मालूम नाई साहेब. घरी बसवत नाई, एवढं खरं."

हे सांगायला त्या परत चिंधूच्या घरी आल्या. तो तेव्हाही काड्या तोडतच राहिला, पण त्याची बायको देवकाबाई पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. "आता आल्याच आहा तं गाव तरी पाहून जा," ती म्हणाली. "शिक्का नेता, गाव कोनी पाहात नाई."

देवकाबाईनं त्यांना सगळीकडं हिंडवलं. शाळेच्या भिंतीवर कोण्या जुन्या मास्तरांनी महाराष्ट्राचा नकाशा रंगवला होता. त्यात मुंबई होती, नागपूर होतं, आणि या गावाचा लाल ठिपका नागपूरपेक्षा मोठा होता. बाई त्या भिंतीसमोर थांबल्या आणि किती वेळानं मोकळ्या हसल्या. घरी येऊन त्यांनी खोडरबरात तो नकाशा कोरला, ठिपक्यासकट, आणि कापलेल्या पानाच्या राखलेल्या पट्टीला नवा हातकागद जोडून त्यावर उठवला. तेव्हापासून त्यांनी कोणाकडं शिक्का मागितला नाही. गाव हिंडायचं आणि त्यातली एक गोष्ट आपणच कोरायची. हे काम जास्त वेळ खायचं, आणि बोटं जास्त कापायचं.

फेब्रुवारीत विहारातल्या महिला मंडळाची बोधगयेची सहल ठरली. बाईंनी दोघांची नावं दिली आणि घरी येऊन नुसतं कळवलं. रत्नदीपराव 'पाहू' म्हणाले नाहीत. त्यांनी सवय करायची ठरवली. एके दिवशी दोघं आंजीला जाऊन आले. दुसऱ्या आठवड्यात आर्वीला. आर्वीत रत्नदीपरावांचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी भजी खाल्ली आणि परतीच्या गाडीत झोपलेसुद्धा.

निघायच्या दिवशी ते नागपूर स्टेशनपर्यंत आले. फलाटावर मंडळाच्या बायका, पिशव्या, डबे, जयभीमचा गलबला. गाडी लागली. बायका चढल्या. रत्नदीपराव बॅगेची मूठ धरून उभेच.

"तू जाय," ते म्हणाले.

"आन तुम्ही?"

"माह्यानं नाई होऊन राह्यलं. खरं सांगतो. या खेपेस कॅन्सल नाई केलं, खरं सांगतो."

बाई दाराच्या दांड्याला धरून उभ्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना चढा लवकर, उतरा लवकर म्हणणाऱ्या बाईंना कळेना की आपण काय करावं. खाली उतरावं तर पुन्हा ते गेट, तो व्हरांडा. वर राहावं तर हा माणूस फलाटावर एकटा. गाडीनं हिसका दिला. "घरी पोचले का फोन करजा!" त्या ओरडल्या, आणि गाडी सुटली.

रस्ताभर त्या बसल्या नाहीत. डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांच्या गोळ्या, पाणी, चादरी पाहत फिरत राहिल्या. बायका म्हणाल्या, दीपमालाबाई ड्युटीवर आहेत. रत्नदीपरावांचा फोन आला नाही. लावला तर बंद. बोधगयेला महाविहारात सगळ्या जणी झाडापाशी डोळे मिटून बसल्या. बाईंनीही मिटले, आणि लगेच उघडले. इतकी वर्षं जिथं यायचं म्हणून घोकलं, तिथं त्यांना पाच मिनिटं धड बसवेना. स्वतःचीच लाज वाटली. त्या उठून बाहेरच्या वाटेनं चालू लागल्या. तिथं देशोदेशीची माणसं फेऱ्या घालत होती, कोणी हात जोडून, कोणी लोटांगण घालत, आणि चालणाऱ्या बाईकडं कोणी वळून पाहत नव्हतं.

फेऱ्या झाल्यावर त्यांनी दाराशी जमा केलेला मोबाइल परत घेतला, तोच तो वाजला.

"पोचले का?" त्यांनी विचारलं.

"पोचलो, काल रात्री. मोबाइल चार्ज नव्हता."

"एवढा उशीर?"

"वर्ध्याच्या गाडीतून मी मधातच केळझरले उतरलो होतो."

"काऊन? दुखत होतं का?"

"नाई," रत्नदीपराव म्हणाले. "कंडक्टर पोरगी होती. केळझर, केळझर करून ओरडून राह्यली होती. म्हटलं, पाहावं उतरून. विहारात गेलो. बसलो थोडा वेळ. मंग दुसऱ्या गाडीनं आलो."

बाई फोन कानाशी धरून पुन्हा चालू लागल्या.

"तिकडं कसं आहे?" रत्नदीपरावांनी विचारलं.

"गर्दी आहे. माह्यानं बसणं नाई होऊन राह्यलं."

"मंग फिर," रत्नदीपराव म्हणाले.

त्या राजगीर, सारनाथ करून आल्या. वही भरली, इतकी फुगली की मिटत नाही, वरून कापडाची नाडी बांधावी लागते. मयुरी आली होती तेव्हा फोटो काढून घेऊन गेली. बाईंनी वही एकदा चाळली आणि कपाटात ठेवली. दुसऱ्याच दिवशी पलंगावर पत्रिका, हातकागद, दाभण, सगळं पुन्हा पसरलं होतं. आता रत्नदीपराव किनारी कापून देतात. वाकड्या कापतात, बाई त्या पुन्हा सरळ करतात, आणि दोघांत त्यावरून भांडण होतं.

"लुंबिनीले जायचं म्हनतो मी," परवा बाई म्हणाल्या. "येता का?"

"पा..."

"पाहू म्हणू नका. हाव म्हणा नाई तं नाई म्हणा."

रत्नदीपरावांनी कात्री खाली ठेवली आणि खरोखर विचार केला.

"नाई," ते म्हणाले. "पन आधी पुलगावले जाऊ न. तिथं मी कधी उतरलोच नाई."